माझा अलिबागचा वाढदिवस

परवा पुण्याहून संजयचा, माझ्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, पुढच्या शनिवारी घरीच थांब. दोन दिवसांचे कपडे भरून ठेव. कुठं जायचं ते विचारू नकोस, सरप्राईज आहे."

मी म्हटलं, "न्यायचं तिथं ने बाबा, पण आधी सांग. मला एकदा सरप्राईज मिळालेलं आहे. ते जन्माला पुरलंय."

तो हसला. त्याला ती गोष्ट माहीत आहे, आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत आहे. पाहुणे जमले की कुणीतरी ती काढतं आणि सगळे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतात. हसणाऱ्यांपैकी एकालाही त्या वेळी पन्नास-पन्नास भाकरी थापाव्या लागल्या नव्हत्या, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

माघ आला की देवळाली प्रवरेत अजूनही तसाच वास सुटतो. ऊसतोड चालू असते, गुऱ्हाळावरून गोडसर धूर येतो, गव्हाच्या ओंब्या भरत आलेल्या असतात. सकाळी बोटं बधिर करणारी थंडी आणि दुपारी पाठ भाजणारं ऊन. आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा, लाल मातीचा धुरळा, त्यातून येणारा 'कबड्डी, कबड्डी'चा घुमणारा आवाज. बाकीच्या बायकांना माघ हळदीकुंकवावरून आठवत असेल. मला तो शिट्टीवरून आठवतो. आमच्या ह्यांची शिट्टी. शाळेत हे इतिहास शिकवायचे, पण गावाच्या लेखी हे कबड्डीचे मास्तर होते. गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी बांधलेली असायची, ती जेवतानासुद्धा काढायचे नाहीत. आमटीच्या वाटीत बुडायची.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या माघातली. दुष्काळ मागे पडला होता, पाटाला पाणी होतं, लोक पुन्हा मोठ्यानं बोलायला लागले होते. मला सत्तावीस पूर्ण होणार होती. माझं माहेर नगरचं. वडील कोर्टात कारकून. घरात पैसा बेताचा, पण प्रत्येकाच्या वाढदिवसाला सकाळी औक्षण व्हायचं आणि ताटात शिरा असायचा. सासरी वाढदिवस नावाची गोष्टच नव्हती. पोळ्याला बैलांचं कौतुक व्हायचं, माणसांचं कधी नाही. लग्नानंतर एकदा मी ह्यांना म्हणाले होते, "माघात माझा वाढदिवस असतो. आणि मला एकदा समुद्र बघायचाय." हे वर्तमानपत्र वाचत होते. "हं," म्हणाले. ते 'हं' वर्तमानपत्राला होतं की मला, ते काही कळलं नव्हतं.

पाच वर्षांनी कळलं.

एका सकाळी हे अंघोळ करून आले आणि म्हणाले, "तीन-चार दिवसांचे कपडे भर. संजयला वहिनीकडं ठेव. कुठं ते विचारू नकोस." चेहरा असा की हसू दाबून दाबून गाल दुखत असावेत. माझा जीव सुपाएवढा झाला. म्हटलं, दोघंच कुठंतरी जाणार! नाशिक असेल, पुणे असेल, भंडारदरा असेल. लग्नातली अंजिरी साडी ट्रंकेतून काढली, पावडरचा डबा घेतला, आरशासमोर दोनदा उभी राहिले.

दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. बाहेर येऊन बघते तर मागच्या हौद्यात बारा गडी पोत्यांवर बसलेले, सात खेळणारे आणि पाच राखीव. पुढं ड्रायव्हरशेजारी आमच्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, मांडीवर गाठोडं घेऊन.

"चल की गं," त्या म्हणाल्या. "किती येळ लावतीस? आमी कवाचं बसलोय."

म्हणजे साऱ्या गावाला माहीत होतं. फक्त जिचा वाढदिवस, तिला सोडून.

"सरप्राईज!" हे म्हणाले. "अलिबागला कबड्डीचे सामने आहेत. आणि समुद्र अगदी मैदानाला लागून! तुझी इच्छा होती ना?"

आत्याबाई आणि गिअरचा दांडा यांच्या मधल्या वीतभर जागेत मी अंजिरी साडीचा घोळ आवरून बसले. हे आमच्यासोबत पुढं नाही बसले. संघासोबत मागं बसले.

सुप्याला चहासाठी थांबलो. आता सुप्यात कारखान्यांची रांग आहे, कंपन्यांच्या बसेस फिरतात. तेव्हा रस्त्याकडेला एक टपरी, थोड्या बाभळी आणि भणाणणारा वारा एवढंच होतं. संघाचा कप्तान नामदेव माझ्यासाठी चहाचा ग्लास घेऊन आला. सहा फूट उंच माणूस, गावात ट्रॅक्टर चालवायचा, आणि बाईमाणसाशी बोलताना जमिनीकडं बघायचा.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमच्यामुळं आमाला समुद्र बगाया मिळतुया. सर म्हनले, वहिनींचा हट्टच हाय, म्हनून अलिबागचे सामने धरले."

माझा हट्ट! म्हणजे बारा घरांत सांगून झालं होतं की मास्तरांच्या बायकोला समुद्र पाहिजे म्हणून एवढी यात्रा निघालीय. पुण्यापर्यंत मी एक शब्द बोलले नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना आत्याबाईंनी डोळे गच्च मिटले आणि माझा दंड असा धरला की चार बोटांचे वण उठले.

पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. नारळाच्या वाडीत एका काकूंचं घर होतं, त्यातल्या दोन खोल्या आणि पडवी ह्यांनी पत्र पाठवून ठरवली होती. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. मी ओट्यावर उभी राहून तो आवाज ऐकत होते, अंगावर काटा आला होता. तेवढ्यात मागं धप्पकन काहीतरी पडलं. बाजरीच्या पिठाचं पोतं. त्यापाठोपाठ बेसनाचा डबा, कांदे, मोठं पातेलं आणि आमच्याच घरातला स्टोव्ह.

"अहो, हे काय?"

"पोरांना इकडचं मानवायचं नाही गं. सामन्याच्या आधी पोट बिघडलं तर? फक्त पिठलं-भाकरी. तुला काय, हातचा मळ."

हातचा मळ! बारा जण, माणशी चार भाकरी, शिवाय आम्ही तिघं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी आणि आत्याबाई समोरासमोर बसून थापत होतो. नारळाच्या दोन बुंध्यांमधून समुद्राची एक निळी पट्टी दिसायची. मान वाकडी केली की थोडी जास्त दिसायची. दुपारी हे मला पाच मिनिटं वाळूवर घेऊन गेले. माझ्या पायाला पहिली लाट लागली, खालची वाळू सरकली, मी दचकून ह्यांचा हात धरला. आणि हे मला नामदेवच्या उजव्या घोट्याबद्दल सांगत होते. घोटा दुखावला होता म्हणे, चढाईत वळताना भार येत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला तो नामदेवच्या घोट्यासकट.

तिसरा दिवस माझ्या वाढदिवसाचा.

सकाळी उठले तेव्हा हे संघाला घेऊन वाळूवर पळायला गेले होते. नऊला घामेजून आले, भाकरी उभ्याउभ्याच मोडली. म्हणाले, "आज सेमीफायनल, तीन वाजता. तू ये, पहिल्या रांगेत बसवतो." आणि गेले. मी दाराकडं बघत राहिले. वाटलं, परत वळतील, काहीतरी बोलतील. शिट्टीचा आवाज लांब लांब गेला.

मी तव्यावरची भाकरी उतरवली आणि स्टोव्ह बंद केला.

"काय झालं गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काही नाही. मी समुद्र बघायला चाललेय."

"थांब, मी बी येते."

मला त्या नको होत्या. मला कुणीच नको होतं. पण सासूला 'येऊ नका' म्हणायची प्राज्ञा नव्हती. फाटकाशी काकूंनी हाक मारली, "ओहोटी आहे, समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत चालत जाता येईल हो!" पुढंही त्या काही म्हणाल्या. रागात माणसाला अर्धंच ऐकू येतं. मी भराभरा पुढं निघाले.

पाणी खरंच मागं हटलं होतं. किल्ल्यापर्यंत ओली, वळ्या-वळ्यांची वाळू पसरली होती, मधेच घोटाभर पाणी. पायांजवळून बारके खेकडे पळत होते. आत्याबाई लुगडं वर धरून माझ्यामागं येत होत्या आणि सारखं कौतुक चाललं होतं.

"आगं बया, हे एवढं पानी! आनि पाळी कुनाची?"

पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून आमच्याकडं सख्ख्या भावांची डोकी फुटलेली त्यांनी बघितली होती. इथं कुणाचीच पाळी नव्हती, पाणी वळवायला कुणी दारं धरत नव्हतं, हे त्यांना पटेना. वाकून ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं आणि थू थू करत म्हणाल्या, "एवढं असून काय उपेग न्हाई!"

किल्ल्यात गणपतीचं देऊळ होतं, गोड्या पाण्याची विहीर होती. आम्ही पाणी प्यायलो, तटाच्या सावलीला टेकलो. खारा, गार वारा होता. मी म्हटलं, जरा डोळे मिटते. आणि मी झोपले. भर दुपारी, परक्या गावात, सासूच्या शेजारी पाय पसरून. लग्न झाल्यापासून अशी झोपले नव्हते.

जागी झाले ती आत्याबाईंच्या हलवण्यानं. "आगं, आपन आलो ती वाट कुठं गेली?"

तटावरून वाकून बघितलं. वाट नव्हती. चारी बाजूंनी पाणीच पाणी. देवळातले गुरव म्हणाले, "भरती लागली ना. आता आठ वाजेपर्यंत इथंच. काळजी नको, वर काही येत नाही पाणी."

काळजी नव्हतीच. मला रडू आलं ते रागानं. मी पायरीवर बसून हमसून हमसून रडले, आणि पाच वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सासूसमोर ओकले. भाकरी, शिट्टी, हट्ट, घोटा, सगळं. शेवटी म्हणाले, "आणि आज माझा वाढदिवस आहे!"

आत्याबाईंनी लुगड्याला लागलेली वाळू झटकली. मग म्हणाल्या, "म्हंजी काय करत्यात त्या दिशी?"

मी सांगितलं. औक्षण, शिरा, नवं काही असेल तर नेसायचं.

"मला माजा दिस ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "पोळ्याच्या आदल्या दिशी झाले म्हनायची आई. कंच्या सालचा पोळा, ते तिला बी ठावं नव्हतं."

"पण मी ह्यांना सांगितलं होतं ना!" मी म्हणाले. "मला समुद्र बघायचाय म्हणून."

"मंग आनलं की त्यानं."

असं वाटलं, तटावरून उडीच मारावी. पण त्याच पुढं म्हणाल्या, "आनलं, पर बारा जनांसंगट आनलं. ते चुकलंच त्याचं." पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यासमोर लेकाची चूक काढली. उठून देवळात गेल्या, गुरवांकडून चिमूटभर साखर घेऊन आल्या. माझ्या तोंडात घातली, माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "झालं न्हवं आता? रडू नगं."

चारच्या सुमाराला लाटांवर एक होडी हेलकावे खाताना दिसली. वल्हं मारणारा कोळी निवांत होता. दुसरा माणूस होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसला होता. पांढरा सदरा, गळ्यात काळी दोरी.

"कोन गं ते?" आत्याबाई डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या.

"तुमचा मुलगा."

ह्यांनी तोवर पाटाच्या पाण्यापेक्षा खोल पाण्यात कधी पाय घातला नव्हता. खडकाला होडी लागली तसे हे उतरले, गुडघाभर पाण्यात पडले, उठले आणि आधी भडाभडा ओकले. मग तोंड पुसत वर आले. चेहरा पांढराफटक.

"किती शोधलं तुम्हाला! काकू म्हणाल्या, दोघी किल्ल्याकडं गेल्यात आणि भरती आलीय. मला काय माहीत भरती केवढी येते? मला वाटलं..." ओल्या सदऱ्याचं टोक पिळायला लागले.

"सामना?" मी विचारलं.

"चालू असेल."

"सोडून आलात?"

"मग काय करू?" हे म्हणाले. माझ्या आत काहीतरी हललं. एवढ्यात हे किनाऱ्याकडं वळून पुटपुटले, "नामदेवचा घोटा धरला नसला म्हणजे मिळवली."

गेला. आलेला उमाळा जागच्या जागी गेला.

"आज तारीख काय आहे?" मी विचारलं.

"म्हणजे? तुझा वाढदिवस आहे. म्हणून तर आलोय सगळे!"

"मग सकाळी तोंडातून एक शब्द?"

"अगं, अख्खं अलिबाग दाखवलं. आता वेगळं काय बोलायचं?"

ह्यांना खरोखरच कळत नव्हतं. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आत्याबाईंनी विचारलं, "तिला इचारलं व्हतंस का, कसं जायाचं, कुनासंगट जायाचं?"

"आई, सरप्राईज होतं ते."

"ते काय असतंय?"

"म्हणजे न विचारता, न सांगता करायचं."

आत्याबाईंनी एकदा समुद्राकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मंग तुज्या बापानं मला जल्मभर तेच दिलं."

परत येताना हे होडीत डोळे मिटून बसले होते आणि माझं मनगट धरलं होतं. हात नव्हे, मनगट. चढाईला आलेल्या गड्याला पकडतात, तसं.

किनाऱ्यावर आलो तर आमचा संघ गुलाल उधळत समोरून येत होता. ह्यांच्याशिवाय जिंकले होते. ह्यांना आनंद झाला, पण त्यात एक कुसळ राहिलं ते मला दिसलं. आत्याबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आज हिचा वाढदिवस आहे म्हणून. नामदेव जमिनीकडं बघत म्हणाला, "वहिनी, आज चुलीला हात लावायचा न्हाई." पिठलं त्यानं केलं. गुठळ्यांचं, खारट, तळाला लागलेलं. ते बारा जणांनी मला आणि आत्याबाईंना आधी वाढलं आणि आम्ही दोघी खाईपर्यंत कुणी घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशी फायनलला हे रेषेवर उभं राहून ओरडत होते. हरले. परतताना हे पुढं आमच्यात दाटीनं बसले, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "तू नव्हतास तवा जिंकले." पुण्यापर्यंत मग हे एक शब्द बोलले नाहीत.

आता कबड्डी टीव्हीवर लागते. रंगीत गाद्या, रंगीत दिवे, गुडघ्यांना पट्टे. माती कुठंच नाही. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. माणूस जातो, पण त्याच्यावरची चिडचिड कुठं जाते? ती इथंच राहते, घरात वावरते. चढाई चुकली की मी अजून रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणते, घोटा दुखावला असेल त्याचा.

पण एक सांगायला हवं. अलिबागच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पुन्हा माघ, पुन्हा फक्कीच्या रेषा. एका संध्याकाळी सराव अर्ध्यावर टाकून हे घरी आले. स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. म्हणाले, "येत्या आठवड्यात तुझा वाढदिवस. तुला काय पाहिजे?"

मी भाकरी थापत होते. हात तसाच राहिला. काय पाहिजे? मला उत्तरच येईना. मनातल्या मनात कितीदा भांडले असेन ह्या माणसाशी, पण विचारलं तर काय सांगायचं हे मी कधी ठरवलंच नव्हतं. माझी मलाच चीड आली. मैदानावरून पोरांच्या हाका ऐकू येत होत्या.

"तुम्ही जा," मी म्हणाले. "मग सांगते."

"थांबतो," हे म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले. खरंच बसले. शिट्टी हातात घेऊन, न वाजवता.

भाकरी करपली. दुसरी टाकली. आणि मग माझ्याच तोंडून आलं, "मला पोहायला शिकायचंय. आपल्या विहिरीत."

हे शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळायला लागले. "मला येत नाही गं पोहायला," अगदी बारीक आवाजात म्हणाले.

अंगणात आत्याबाई मिरच्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला येतंय की. प्रवरेच्या काठची हाय मी. लगीन व्हईस्तोवर डोहात उड्या मारायची."

मी पिठाच्या हातानं तशीच बाहेर आले. "आत्याबाई! मग किल्ल्याभोवती एवढं पाणी भरलं, मी एवढी रडले, तेव्हा का नाही बोललात? सहा वर्षांत एकदाही का नाही बोललात?"

त्यांनी मिरचीचं देठ खुडलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"तू तरी कदी इचारलंस?"